सत्तावन्न सालची खुर्ची

“त्या खुर्चीत नको,” इद्वल बेब घाईने म्हणाला. “ती सोडून कुठेही बस.”

हाविस ब्रीझने कोट न काढताच खोलीभर नजर फिरवली. खुर्च्या पुष्कळ होत्या, बसायला जागा नव्हती. एकीवर दूध ओतायचे मातीचे जग दाटीने मांडले होते, दुसरीवर जुन्या लोकरी गोधड्यांची चळत होती, तिसरीवर लोण्याचे लाकडी साचे होते आणि चौथीवर मांजर होते.

“मग मांजराच्या मांडीवर बसू का?”

“मी तर पाहुण्यांना आंघोळीच्या टबाच्या काठावर बसवते,” स्वयंपाकघरातून इद्वलच्या बायकोचा, नेस्टाचा आवाज आला. “याचा पसारा अजून तिथं पोचलेला नाही.”

इद्वलने मांजर उचलून खाली ठेवले. हाविस बसली आणि स्कर्टवरचे केस झटकू लागली. ती कुम्ब्रिथ गावच्या आयस्तेद्वोदची चिटणीस होती. दर ऑक्टोबरात गावच्या सभागृहात गाण्यांची, पाठांतराची आणि कवितेची ही चढाओढ होते आणि उत्तम कवितेच्या कवीला बक्षीस म्हणून खुर्ची मिळते: खास घडवलेली, कोरीव पाठीची, पाठीवर गावाचे नाव आणि साल असलेली. हाविस आणि इद्वल एका वर्गात होते. त्यामुळे ती त्याच्याशी बोलताना वळसे घेत नसे.

“गोरोन्वी सुतारानं करवतीवर हात कापून घेतलाय,” ती म्हणाली. “बोटं शाबूत आहेत, पण टाके पडलेत. खुर्ची अर्धीच झालीय. आणि शनिवार चार दिवसांवर आलाय.”

“मग पदक द्या.”

“पदकावर बसता येतं का? कवींना यायला सांगितलंय ते खुर्चीसाठी.” तिने हनुवटीने खिडकीकडे खूण केली. “ती दे.”

खिडकीपाशी एकच खुर्ची मोकळी होती. काळसर ओक लाकडाची, रुंद हातांची, पाठीवर डोंगर आणि वरती १९५७ असा आकडा. तिच्यावर जग नव्हते, गोधडी नव्हती. मांजरालाही तिथे बसायची परवानगी नव्हती.

“ती माझी आहे,” इद्वल म्हणाला. “चॅपलनं सामान विकलं तेव्हा रीतसर विकत घेतली मी.”

“तू लाकूड घेतलंस, इद्वल. मान नाही घेतलास. तो त्या वर्षी कुणालाच दिला नव्हता, म्हणजे अजून गावाकडेच शिल्लक आहे.”

नेस्टा चहा घेऊन आली. “बरोबर बोलतेय ती.”

“तू कुणाच्या बाजूची?”

“मी खिडकीच्या बाजूची. या खुर्चीपायी मला माझ्याच खिडकीशी जाता येत नाही.”

“पाठीवर सत्तावन्न कोरलंय,” इद्वल म्हणाला. “आता दोन हजार तीन चालू आहे. लोक हसतील.”

“हसू देत,” नेस्टा कप देत म्हणाली. “कवीला यायला उशीर झाला म्हणायचं.”

हाविस हसली. इद्वल हसला नाही.

“आणि पुन्हा कुणी लायक निघालं नाही तर?” त्याने विचारले.

नेस्टाने हाविसच्या कपात आणखी चहा ओतला.

खुर्ची इद्वलच्या वडिलांनी केली होती. आयझॅक बेब गावचा सुतार होता. फाटके, जिने, दारे, गाड्यांच्या फळ्या आणि कुणी गेले की शवपेटी, असे त्याचे काम चाले. सत्तावन्न साली समितीने त्याला पहिल्यांदा खुर्चीचे काम दिले. सहा आठवडे त्याने दुसरे काही हातात घेतले नाही. चढाओढीच्या संध्याकाळी तेरा वर्षांचा इद्वल त्याच्या शेजारी बसला होता. बाप रविवारच्या सुटात होता, हाताला पॉलिशचा वास येत होता. व्यासपीठावर चादर घातलेली खुर्ची होती. परगावाहून आलेला परीक्षक उठला आणि म्हणाला की आलेल्या कवितांपैकी एकही खुर्चीच्या लायकीची नाही. सर्वांत बऱ्या कवितेबद्दल तो म्हणाला, “या कवीने मेंढ्या मोजल्या आहेत, पाहिल्या नाहीत.” हे वाक्य गावात अजून चालते. कुणी उगाच घाई केली की ऐकवतात.

लायक कवी नसेल तर खुर्ची रोखून धरायची, हा जुना रिवाज आहे आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. चादर न काढताच दोघांनी खुर्ची उचलली आणि चॅपलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, माळ्यावर नेऊन ठेवली. आयझॅक गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. त्याने केलेल्या कामाकडे त्या रात्री कुणी पाहिलेच नाही.

सोमवारी दुकानात कुणीतरी म्हणाले की आयझॅकने शवपेटीच्या उरलेल्या फळ्या वापरल्या असणार. शवपेटीच्या फळीवर कवी कसा बसेल? म्हणणारा गमतीत म्हणाला होता. पण कवींची नावे टोपणनावांमागे झाकलेली होती, खरी नावे असलेल्या त्यांच्या बंद पाकिटांची रिवाजाप्रमाणे न उघडताच राख झाली होती. दोष द्यायला कुणी हाताशी नव्हते. खुर्ची होती. पुढच्या वर्षीची खुर्ची शहरातल्या दुकानातून आली आणि त्यानंतर आयझॅककडे खुर्चीचे काम पुन्हा गेले नाही. तो लोकांशी या विषयावर कधी बोलला नाही. घरी मात्र एकदा म्हणाला, “पेट्या मी एल्मच्या स्वस्त लाकडाच्या करतो. मेल्यावर ओक परवडतो कुणाला?”

इद्वल सुतार झाला नाही. त्याने गाईंच्या कृत्रिम रेतनाचे काम धरले. गाय माजावर आली की शेतकरी फोन करायचा आणि इद्वल छोट्या गाडीतून नळ्या घेऊन जायचा. डोंगरातल्या भाषेत या कामाला ‘बाटलीतला वळू’ म्हणतात. त्यामुळे इद्वल बेबला त्याच्या नावाने हाक मारणारी माणसे बायको आणि हाविस सोडून थोडीच होती. बाकी सगळीकडे तो ‘बाटलीवळू’ होता. “बाटलीवळू आला, चहा टाक,” असे शेतकरी आत ओरडायचा. गाय गोठ्यात आणेपर्यंत इद्वल स्वयंपाकघरात बसायचा आणि त्याचे डोळे भांड्यांच्या कपाटावरून, जगांवरून, भिंतीवरच्या चित्रांवरून फिरायचे. फिरत्या रंगाऱ्याने काढलेले कुणाच्या तरी खापरपणजोबांच्या बैलाचे चित्र असायचे: अंग कपाटाएवढे आणि पाय बकरीचे. घरातले लोक अशा वस्तूंना कंटाळलेले असत. “घेऊन जा बाबा, पोरांना नकोय,” म्हणत. काही इद्वलने विकत घेतल्या, काही बदल्यात घेतल्या, काही पावसात पडलेल्या उचलल्या. एका मळ्यावर कवी आजोबांनी जिंकलेल्या खुर्चीत कोंबडी अंडी घालत होती. इद्वलने कोंबडीची माफी मागून ती खुर्ची आणली.

त्याच्याकडच्या बाकी खुर्च्या अशाच कुणीतरी जिंकलेल्या होत्या. सत्तावन्नची तेवढी कुणाचीच नव्हती. चॅपलने ती विकायला काढली तेव्हा तिच्यावर दुसऱ्या कुणी बोली लावली नाही. इद्वलने तिला मेण लावले, खिडकीशी ठेवले आणि घरात नियम केला. यात बसेल तो कवीच.

आता खांदा निकामी झाल्याने काम सुटले होते. तीस वर्षे गाईंच्या मागे उभे राहून उजवा हात खांद्यापासून वर जात नव्हता. खुर्चीला मेण मात्र तो डाव्या हाताने लावत होता.

“दुसऱ्यांदा रोखून धरली,” हाविस गेल्यावर तो नेस्टाला म्हणाला, “तर कायमची पनवती ठरेल. दुकानात परत सुरू होईल. शवपेटीच्या फळ्या, शवपेटीच्या फळ्या.”

“सुरू करणारे बरेचसे त्याच फळ्यांत गेले आता.”

“परीक्षक काय ठरवतोय याचा हाविसला पत्ता आहे का?”

“विचारलं मी फाटकात. म्हणाली, तोंडावरून काही कळत नाही, बँकेत मॅनेजर होता.” नेस्टाने कप उचलले. “इद्वल, तुझे वडील गेले. खुर्ची इथं राहिली तर तिला नावं ठेवणारं कुणी नाही, हे खरं. पण बसणारंही कुणी नाही.”

त्याने खुर्चीच्या हातावरून बोटे फिरवली. मग म्हणाला, “शुक्रवारी गाडी आणायला सांग.”

“त्याआधी तू एकदा बसून तरी बघ. शेहेचाळीस वर्षांत कुणी टेकलं नाही तिच्यावर. ऐन वेळी मोडली म्हणजे?”

“मी कवी नाही.”

“बूड कवीचं असो की बाटलीवळूचं, वजन तेवढंच.”

पण तो बसला नाही. दोन्ही हातांवर भार देऊन त्याने बैठक दाबून पाहिली, सांधे बोटांनी चाचपले. आयझॅक म्हणायचा, चांगली खुर्ची माणूस बसताना बोलत नाही, करकरत नाही. ही बोलते की नाही, हे आयझॅकलाही कधी कळले नव्हते.

शनिवारी सभागृह भरले. दुपारपासून मुलांची पाठांतरे चालली होती. एकच कविता बावीस मुलांनी म्हटली आणि प्रत्येकाची आई ओठ हलवत होती. संध्याकाळी मोठ्यांची गाणी झाली. मागच्या स्वयंपाकघरात बायका चहाच्या भांड्याभोवती होत्या, नेस्टाही तिथेच होती. सभागृह आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कप द्यायची एक लाकडी झडपेची खिडकी होती. ती अधूनमधून उघडे आणि बेदाण्यांच्या पावाचा वास आत येई.

इद्वल तिसऱ्या रांगेत कडेला बसला. व्यासपीठावर खुर्ची होती, चादरीखाली. ही चादर घरची होती. नेस्टाने इस्त्री करून दिली होती.

“काय बाटलीवळू,” मागून म्हातारा रीस वाकून म्हणाला, “आज तुझ्या बापाची खुर्ची म्हणे?”

“हो.”

“बघू या, कुणी धजावतंय का बसायला.”

इद्वल वळला नाही.

परीक्षक उठला. किरकोळ माणूस, करडा सूट, चष्मा. विषय ‘रस्ता’ होता आणि तीन कविता आल्या होत्या. पहिलीबद्दल तो म्हणाला की कवीला रस्त्याचे सगळे माहीत आहे, फक्त तो कुठे जातो ते माहीत नाही. लोक हसले. दुसरीतल्या वृत्ताच्या चुका त्याने शांतपणे एकेक वाचून दाखवल्या, थकबाकी वाचावी तशा. कुणी हसले नाही. इद्वलने डोळे मिटले. सत्तावन्न सालच्या परीक्षकाचा आवाज वेगळा होता, पण चाल हीच होती.

“तिसरी कविता ‘पाणकोंबडी’ या टोपणनावाने आली आहे,” परीक्षक म्हणाला. “शाळेची बस चालवणारी व्यक्ती यात बोलते. डोंगरावरची घरे एकेक करून रिकामी होतात. ज्या थांब्यांवर आता कुणी चढत नाही, तिथेही ती व्यक्ती रोज बस हळू करते. का, ते सांगत नाही. मला यातल्या दोन ओळी खटकल्या. त्या दुरुस्त करायला मी आठवडाभर बसलो. जमले नाही. तेव्हा चूक माझी असावी.” त्याने चष्मा काढला. “खुर्ची द्यावी.”

सभागृहात एकदम हालचाल झाली. कुणीतरी शीळ घातली. इद्वलचा श्वास सुटला आणि मध्येच अडकला, कारण आता पोस्टमनने कवीला बोलावण्यासाठी पितळी कॉर्नेट तोंडाला लावले होते. रिवाजाप्रमाणे दिवे मंद झाले. हाविसने पुढे येऊन मोठ्याने पुकारले:

“पाणकोंबडी! पाणकोंबडी असेल तिनं किंवा त्यानं उभं राहावं!”

कुणी उभे राहिले नाही.

माना वळल्या. बाकांवरून कुजबुज सरकत गेली. कॉर्नेट पुन्हा वाजले. हाविसने पुन्हा पुकारले. तिचा आवाज या वेळी थोडा चिरकला. रांगांमध्ये कुणी खोकले. तिसऱ्या हाकेनंतरही कवी उठला नाही तर खुर्ची जाग्यावरून हलत नाही, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होते.

“सांगितलं नव्हतं?” रीस मागून पुटपुटला. “कोण बसणार?”

इद्वलने समोरच्या बाकाची कड धरली. त्याला वाटले, उठावे, चादरीसकट खुर्ची उचलावी आणि घरी न्यावी. त्याचा उजवा हात वर जात नव्हता. एकट्याला ती उचललीही नसती.

हाविसने तिसऱ्यांदा पुकारायला तोंड उघडले, तेवढ्यात कप द्यायची झडप धाडकन वर गेली.

“थांबा जरा!” नेस्टा डोके बाहेर काढून ओरडली. “तुमची पाणकोंबडी इथं भांडी घासतेय! आत्ता कुठं कबूल झालीय!”

आतून कुणीतरी म्हणाले, “नेस्टा, नको गं, मी या अवतारात नाही येणार—”

“मग कुठल्या अवतारात येणार? पिसं लावून? चल. सगळं गाव खोळंबलंय आणि माझा नवरा तिकडं मरायला टेकलाय.”

सभागृहात हशा उसळला. स्वयंपाकघराचे दार उघडले आणि ग्वेरविल ट्यूडर बाहेर ढकलली गेली. गावची शाळेची बस ती चालवायची आणि सकाळ-संध्याकाळ एका मळ्यावर दूध काढायला जायची. पन्नाशीची, जाड हाडांची बाई. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पुढे ओले एप्रन. कविता बसची असूनही ती तिनेच लिहिली असेल असे कुणाच्या स्वप्नात नव्हते. तिच्या बसमधून गेलेली पोरे बाकांवर उभी राहून ओरडू लागली. मग सगळेच उभे राहिले.

तिला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून व्यासपीठावर नेले. हाविसने चादर ओढली. रुंद हातांची, काळसर, डोंगर कोरलेली खुर्ची गावाने पहिल्यांदा दिव्याखाली पाहिली. इद्वलच्या शेजारची बाई म्हणाली, “अरे देवा, केवढी सुंदर आहे,” आणि कुणाची म्हणून विचारू लागली.

ग्वेरविल खुर्चीपुढे थांबली. हात एप्रनला पुसले. मग एप्रनच काढले आणि कुणाकडे द्यावे ते न कळून हाविसच्या हातात दिले. मग ती बसली. सबंध वजनाने, दिवसभर उभी राहिलेली बाई बसते तशी.

इद्वल ऐकत होता. सभागृहात इतका गोंगाट होता की खुर्ची बोलली असती तरी कुणाला कळले नसते. म्हणून तो शांततेची वाट पाहत राहिला. रिवाजाप्रमाणे कवीच्या डोक्यावर समारंभाची तलवार अर्धी उपसली गेली आणि हाविसने तीनदा विचारायचा तो प्रश्न विचारला, “शांतता आहे का?”

“शांतता!” सगळे गाव गरजले.

“शांतता आहे का?”

“शांतता!”

“शांतता आहे का?”

तिसऱ्या गर्जनेनंतर खरोखरच शांत झाले. ग्वेरविलने घाबरून बसल्या जागी अंग हलवले, पाठ मागे टेकली, एक पाय दुसऱ्यावर घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. खुर्चीतून आवाज आला नाही.

इद्वल खाली बसला. त्याने रुमाल काढला आणि नाक जोराने शिंकरले.

“ओकची आहे तर,” रीस मागून म्हणाला.

“पेट्या एल्मच्या असतात,” इद्वल वळून म्हणाला. “तुझ्या वेळी बघशीलच.”

रीस एवढा हसला की त्याला पाणी द्यावे लागले.

रात्री खुर्ची ग्वेरविलच्या भावाच्या ट्रेलरमध्ये चढवली. ट्रेलरमध्ये सकाळी मेंढ्या होत्या, म्हणून इद्वलने खाली नवे गवत पसरायला लावले. ती गवताच्या गासड्यांच्या सुतळीने बांधली गेली, आणि गाठी त्याने स्वतः तपासल्या.

“इद्वल बेब,” ग्वेरविल अवघडून म्हणाली, “तुमच्याकडं तिची निगा राहत होती. माझं घर म्हणजे दोन खोल्या. कुत्री आहेत. वाटलं तर तुमच्याकडंच ठेवा, मी म्हणेन माझी आहे म्हणून.”

त्याने थोडा विचार केला. खरोखर केला. तो मोह मोठा होता.

“नाही,” तो म्हणाला. “घेऊन जा. पण शेकोटीच्या फार जवळ ठेवू नका.”

घरी आल्यावर गालिच्यावर चार खळगे दिसले. नेस्टाने त्यांच्यावरून पाय टाकून खिडकी गाठली, पडदा बाजूला केला आणि काळोखात बघत राहिली.

“काही दिसतंय का?” त्याने विचारले.

“नाही,” ती म्हणाली. “पण उद्या दिसेल.”

पुढचे काही दिवस इद्वलला झोप चांगली लागली. खांदा दुखायचा तेवढाच दुखत होता. दुकानात लोक ग्वेरविलच्या कवितेबद्दल बोलत होते, त्या दोन ओळी कुठल्या यावर वाद घालत होते. एकदोघांनी खुर्चीचे नाव काढले आणि विचारले की आयझॅकने आणखी काय काय केले होते. इद्वलने सांगितले: तुमच्या मळ्याचे फाटक. तुमच्या आजीचा जिना. ते म्हणाले, असं होय, आम्हाला माहीतच नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी तो मेणाचा डबा घेऊन ग्वेरविलच्या घरी गेला. मेण कसे लावायचे हे तिला सांगायला हवे, असे तो नेस्टाला म्हणाला होता.

बस अंगणात उभी होती. कुत्र्यांनी त्याला ओळखले, भुंकली नाहीत. दाराशी जाताना त्याने खिडकीतून आत पाहिले.

खुर्ची शेकोटीच्या फार जवळ होती. एका हातावर ओला टॉवेल वाळत घातलेला होता, दुसऱ्यावर चहाचा कप होता आणि कपाखाली बशी नव्हती. खुर्चीत ग्वेरविल झोपली होती. पहाटेचे दूध आणि सकाळची बस आटोपून ती बसली असावी आणि बसल्या बसल्या लवंडली असावी. पायात रबरी बूट तसेच होते, तोंड किंचित उघडे होते आणि डोके डोंगराच्या कोरीवकामाला टेकलेले होते. दुपारची बस न्यायला अजून वेळ होता.

इद्वल थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने डबा खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आणि मागे फिरला. तिथल्या फाटकाची बिजागरी सैल होती आणि ते लावताना खणखणत असे. शेजारच्या मळ्यावरच्या गाईंसाठी इतकी वर्षे याच फाटकातून येऊन-जाऊन त्याला ते पाठ होते. त्याने डावा हात खाली घालून फाटक थोडे वर उचलले आणि तसेच उचलून धरून, आवाज न होऊ देता, लावून घेतले.